कागदाचा सेंच्युरियन

पहिला सांगाडा मी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मोडून टाकला. उभ्या-आडव्या पुठ्ठ्यांची जाळी उभी राहिली होती, तळाचा आणि दोन्ही बाजूंचा कागद चढला होता. पुढच्या उतरत्या भागाचा कागद लावायला घेतला आणि तो दीड मिलिमीटरने अपुरा पडला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मी सेंच्युरियन हा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा कागदातून १:२५ या प्रमाणात करत होतो, म्हणजे खऱ्या गाड्यावर ती फट जवळजवळ चार सेंटिमीटरची झाली असती. सांगाडा टेबलाच्या काचेवर ठेवून पाहिला, तर एका कोपऱ्यावर डुगडुगत होता. पीळ पडला होता. पीळ पडलेल्या सांगाड्यावर पुढे कितीही जीव ओता, ट्रॅक, म्हणजे चाकांवरून फिरणारे कड्यांचे पट्टे, जमिनीला टेकत नाहीत आणि तोफ तिरकी दिसते. पाच आठवड्यांचं काम होतं, पण ते मोडलं.

सेंच्युरियनच का, हे आधी सांगतो. माझे मामा ईएमईमध्ये होते, म्हणजे सैन्यातल्या गाड्या, रणगाडे आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दळात. १९६९ मध्ये भरती झाले आणि पुढची बरीच वर्षं त्यांचे हात सेंच्युरियनच्या तेलाने काळे झालेले. लहानपणी सुट्टीत साताऱ्याला आले की ते आम्हाला १९६५ च्या भारत-पाक युद्धातल्या सियालकोट आघाडीच्या गोष्टी सांगायचे. त्या लढाईत ते स्वतः नव्हते, पण जुन्या ड्रायव्हरांकडून ऐकलेलं सगळं त्यांना पाठ होतं. ११ सप्टेंबरची फिलोराची लढाई, आपल्या पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेंच्युरियन, समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, आणि पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर. तारापोर मुंबईत जन्मलेले. जखमी असूनही मागे जायला त्यांनी नकार दिला, १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मामा हे सांगताना आवाज चढवत नसत. ‘गाडा’ हा शब्द मात्र ते असा उच्चारायचे, की घरातलं कुणी माणूस वाटावं.

मामांची पंचाहत्तरी जवळ आली होती. त्यांना तो गाडा करून द्यायचा, एवढं मनात होतं.

कागदच का, याचं उत्तर माझ्या बाबांकडे जातं. त्यांचा साताऱ्यात बाइंडिंगचा धंदा होता. खळ, कप्पा बोर्ड, जाळीचं कापड, घड्या दाबायची हाडाची पट्टी, या सगळ्यात मी वाढलो. प्लॅस्टिकची मॉडेलं सुंदर असतात, पण त्यांचे भाग साच्यातून तयार होऊन येतात. कागदात सपाट पानातून आकार आपण उठवायचा असतो. पोलंडमध्ये ही कला फार जुनी आणि फार पुढे गेलेली आहे. तिथलं ‘माऊई मोदेलाश’, म्हणजे ‘छोटा मॉडेलकार’, हे नियतकालिक १९५० च्या दशकापासून कापून चिकटवायचे संच छापत आलं आणि रणगाड्यांसाठी १:२५ हे प्रमाण त्या परंपरेनेच रूढ केलं. या प्रमाणात सेंच्युरियनचं धड सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि साडेतेरा सेंटिमीटर रुंद होतं. तोफेसकट धरलं तर ३९. दोन्ही हातांत मावतो आणि तरी बोल्टची डोकी दाखवता येतात.

मी परदेशातून मागवलेला संच ब्रिटिश रंगातला होता. त्यात बाराशेच्या आसपास भाग होते. मूळ पानांना हात न लावता सगळी स्कॅन केली आणि फक्त रेषा १६० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाच्या) पांढऱ्या कागदावर छापून घेतल्या, कारण रंग मला आपल्या ऑलिव्ह ग्रीनमध्ये स्वतः द्यायचा होता. छपाई लेझरवर केली. इंकजेटची शाई फेविकॉलच्या ओलाव्याने पसरते. लेझरचा टोनर घडीवर तडकतो खरा, पण नुसत्या रेषा असल्या तर त्याने काही बिघडत नाही.

आता ती दीड मिलिमीटरची फट कुठून आली? संचात सांगाड्याच्या भागांवर दोन तारे छापलेले होते, म्हणजे एक मिलिमीटर जाडी. एक तारा म्हणजे अर्धा. मी अप्पा बळवंत चौकातून एक मिलिमीटरचा कप्पा बोर्ड आणला, त्यावर छापलेलं पान फेविकॉलने डकवलं आणि कापलं. पण एक मिलिमीटर ही जाडी डकवून झाल्यानंतरची धरलेली असते. माझा बोर्ड, त्यावरचा कागद आणि मधला फेविकॉल मिळून सव्वा मिलिमीटर भरत होते. दोन्ही बाजूंच्या पुठ्ठ्यांत तेवढी वाढ, त्यात कापताना प्रत्येक वेळी रेषेच्या किंचित बाहेरून गेलेली सुरी. खाचा घट्ट झाल्या, मी त्या जोर लावून बसवल्या आणि तिथेच पीळ पडला. वरून जुलै महिना. पाण्याचा अंश असलेला गोंद पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला लावला की पुठ्ठा पापडासारखा वळतो, हे बाबांच्या दुकानात शंभरदा पाहिलेलं. तरी घाईत विसरलो.

दुसऱ्या खेपेला पहिल्यांदा व्हर्नियर कॅलिपर घेतला. पाऊण मिलिमीटरचा बोर्ड शोधला. पान डकवायला फेविकॉलऐवजी फेविबॉण्ड वापरला. तो रबराचा असल्यामुळे कागद ओला होत नाही. डकवलेले पुठ्ठे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून दोन पाटांच्या मधे आणि वर शब्दकोशाचे खंड, असे रात्रभर दाबात ठेवले. सकाळी मोजले तर बरोबर एक मिलिमीटर. कापताना सुरी रेषेच्या मधोमध. खाचा इतक्या सैल, की पुठ्ठा स्वतःच्या वजनाने खाली बसावा. गोंद न लावता आख्खा सांगाडा जोडून काचेवर ठेवला, चारही कोपरे बोटाने दाबून पाहिले आणि मगच सांध्यांत गोंदाचे थेंब सोडले.

हत्यारं फारशी लागत नाहीत. औषधांच्या दुकानात मिळणारी ११ नंबरची सर्जिकल ब्लेड आणि तिची ३ नंबरची मूठ, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, टोकदार चिमटा, शाई संपलेलं बॉलपेन. घडीच्या रेषेवरून हे कोरडं पेन पट्टी धरून फिरवायचं, कागद कापला न जाता दबतो आणि घडी धारदार येते. ब्लेड मात्र बदलत राहावी. बोथट ब्लेडने कागद कापला जात नाही, फाटतो आणि कडेला लव सुटते.

ऑगस्टमध्ये मी नगरला गेलो. आता अहिल्यानगर म्हणतात, पण मामांच्या तोंडी नगरच आहे. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालं. सिल्व्हर घोस्ट या जुन्या मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेल्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून आपल्या विजयंतापर्यंत आणि पकडून आणलेल्या पॅटनपर्यंत कितीतरी गाडे तिथे उघड्यावर उभे आहेत. मी सेंच्युरियनपाशी दोन तास थांबलो. फोटोंत न कळणाऱ्या दोन गोष्टी तिथे कळल्या.

पहिली, टरेटचा, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या बुरुजाचा पृष्ठभाग. सेंच्युरियनचं धड जाड पत्रे वेल्ड करून बनवलेलं आहे, पण टरेटचा मुख्य भाग ओतीव. जवळून पाहिलं तर ओतकामाचा खरखरीतपणा रंगाच्या थरांखालूनही स्पष्ट जाणवतो. संचातल्या गुळगुळीत कागदात तो कुठेच नव्हता.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त मोठी होती. ट्रॅकच्या वरचे मडगार्ड. एवढा ५० टनांच्या घरातला गाडा, टरेटचं तोंड १५२ मिलिमीटर जाड, पुढचा उतार ७६ मिलिमीटरचा, आणि हे मडगार्ड मात्र साध्या पत्र्याचे, कडेला चेपलेले, कुठे वर उचकटलेले. मी पत्रा अंदाजाने तीन मिलिमीटर धरला आणि तिथेच वहीत भागाकार केला. तीन भागिले पंचवीस म्हणजे ०.१२. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर असतो. माझ्या संचात हे मडगार्ड अर्ध्या मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर डकवायला सांगितले होते, म्हणजे खऱ्या गाड्यावर साडेबारा मिलिमीटर जाड!

त्या दिवसापासून माझी काम करायची रीत बदलली. प्रत्येक भाग हातात घेतला की आधी विचारायचो, याची कड दिसणार आहे का, आणि दिसणार असेल तर खऱ्या गाड्यावर ती किती जाड आहे? ७६ मिलिमीटरचा पत्रा म्हणजे तीन मिलिमीटर, तिथे तीन पुठ्ठे एकावर एक. ट्रॅक झाकणारे बाजूचे पत्रे १६० जीएसएमचे. सामानाच्या पेट्यांची झाकणं ८० चीच, आत आधाराला पट्ट्या देऊन. लोक मॉडेल बघताना जाडी मोजत नाहीत, पण ती चुकली की ‘खेळणं’ दिसतं आणि का दिसतं ते सांगता येत नाही. माझ्या मते कागदी मॉडेलात रंगापेक्षा, बारीकसारीक भागांच्या संख्येपेक्षाही ही गोष्ट वरची आहे.

टरेटने सप्टेंबर-ऑक्टोबर खाल्ले. कागद एका दिशेने खुशीने वळतो, पण दोन दिशांनी एकदम वळायला तयार नसतो. संचात त्यासाठी पाकळ्या दिलेल्या असतात. त्या एकमेकींना जोडल्या की कोनाकोनांचं कांद्यासारखं काहीतरी होतं. मी प्रत्येक पाकळीच्या मागच्या बाजूला ओलसर बोट फिरवायचो, ती जुन्या रबरी चपलेच्या तळव्यावर ठेवायचो आणि काचेची गोटी दाबून गोल गोल फिरवायचो. कागदाचे तंतू ताणले जातात आणि पाकळीला खरीखुरी फुगीर वाटी येते. वाळेपर्यंत तशीच चिमट्यात. जोडायच्या जिभा सगळ्या कापून टाकल्या, कारण जिभेमुळे वरचा कागद पायरीसारखा उचलला जातो. त्याऐवजी आतून पातळ पट्टी लावून कडेला कड भिडवली. सांध्यांत फेविकॉल आणि टाल्कम पावडरचा लगदा भरला.

मग पॉलिश पेपर. इथे एक जपायला हवं. कोरा कागद घासला की त्याला लव येते आणि मग ती काही केल्या बसत नाही. आधी कागद कडक करायचा. सुतार लाकडाला लावतात ते फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, मी पातळ करून ब्रशने दोनदा पाजलं. कागद ते पिऊन घेतो आणि वाळला की जवळजवळ लाकडासारखा घासता येतो. आधी २२० नंबर, मग ४००. सांधे दिसेनासे झाले. आणि एवढं गुळगुळीत केल्यावर त्यावर घट्ट रंगात टाल्कम कालवून जुन्या टूथब्रशने ठोकत ठोकत नगरला पाहिलेला खरखरीतपणा चढवला. टरेट वाळल्यावर त्यावरून डोळे मिटून अंगठा फिरवला, तेव्हा अंगावर काटा आला.

तोफ २० पौंडी, म्हणजे ८४ मिलिमीटर व्यासाची. पंचवीसने भागलं की भोक ३.४ मिलिमीटरचं. आईच्या विणकामाच्या पिशवीत १० नंबरची सुई सापडली, ती सव्वातीन मिलिमीटरची असते. तिच्यावर कागद गुंडाळायचा. पहिल्या दोन नळ्या सुरकुतल्या आणि मधे खचल्या. तिसऱ्या वेळी बाबांचा धडा आठवला. कागदाला ग्रेन असते, तंतूंची दिशा. कागद दोन्ही दिशांनी अलगद वाकवून पाहिला की एका दिशेने तो सहज झुकतो, ती घडी ग्रेनला समांतर असते. नळी करताना ग्रेन सुईच्या लांबीला समांतर हवी. माझी आडवी होती, म्हणून कागद भांडत होता. मग ८० जीएसएमचे तीन ए-फोर कागद एकापुढे एक जोडून, एक कड तिरकी कापून लांब पट्टा केला. तोंडाशी आठ-नऊ वेढे आणि बुडाशी पंचवीसच्या पुढे, त्यामुळे निमुळतेपणा आपोआप आला. एकेका वेढ्याची पायरी इतकी पातळ, की पॉलिश पेपरने दहा मिनिटांत गेली. तोफेच्या बुडाशी असलेलं कॅनव्हासचं आवरण टिश्यू पेपरचं केलं. पातळ फेविकॉलमध्ये भिजवून पसरायचा आणि ओला असतानाच टाचणीने चुण्या पाडायच्या.

चाकांबद्दल थोडक्यात. एका बाजूला सहा जोड्या, दोन्हीकडे मिळून २४ चकत्या, प्रत्येक साधारण ३२ मिलिमीटर व्यासाची. गोल कापताना ब्लेड स्थिर आणि कागद फिरवायचा. कडांना फेविक्विक पाजून चकत्या बोल्टवर कसल्या, बोल्ट ड्रिल मशीनमध्ये धरला आणि फिरत्या चाकाला पॉलिश पेपर लावला. फेविक्विक कागदात मुरताना धूर सोडतं आणि डोळे झोंबतात. खिडकी उघडी ठेवावीच.

ट्रॅकच्या कड्या दोन्ही बाजूंच्या मिळून दोनशेच्या वर. रोज जेवणानंतर दहा, असा नेम ठेवला. एकेक कडी म्हणजे घडी घातलेला तळ, दोन बाजूंचे कान आणि मधोमध उभं राहणारं शिंग, जे जोडचाकांच्या मधून जातं आणि ट्रॅकला घसरू देत नाही. चिमट्यात धरलेला तो तुकडा २४ मिलिमीटर लांब, साडेपाच मिलिमीटर रुंद. श्वास जोरात सोडला तर उडायचा. संचात बाजूच्या पत्र्यांआड लपणाऱ्या भागासाठी नुसती छापील पट्टी दिली होती, पण मी सगळ्या कड्या केल्या. एका बाजूचे पत्रे काढून मामांना आत बघता यावं, असं मला हवं होतं. कड्या जोडायला बाबांच्या कपाटातलं जाळीचं कापड कामी आलं. पुस्तकाच्या पाठीला लावतात तेच. त्याच्या पट्टीवर कड्या फेविबॉण्डने ओळीने चिकटवल्या, की आख्खा ट्रॅक साखळीसारखा वळतो आणि वरच्या रोलरांच्या मधे किंचित झोळ घेतो.

फेब्रुवारीत रंग दिला. डब्यातला ऑलिव्ह ग्रीन तसाच लावला तर छोट्या वस्तूवर फार गडद दिसतो, म्हणून थोडा पांढरा मिसळून उजळ केला. पातळ थर, मधे दिवसभर वाळवण. पुढच्या नंबरपट्टीवर सैन्याच्या गाड्यांचा वर टोक असलेला बाण ००० नंबरच्या ब्रशने काढला. हात तीनदा थरथरला, तीनदा पुसला.

धूळ लावण्याआधी गाडा खोक्यात घालून साताऱ्याला नेला. ठरवलं होतं पूर्ण झाल्यावरच द्यायचा, पण काही गोष्टी मामांशिवाय कुणाला विचारणार? त्यांनी चष्मा बदलला, खोकं खिडकीपाशी घ्यायला लावलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग मागून बघायला लागले, इंजिनाच्या बाजूने. मेटिऑर इंजिन, ६५० अश्वशक्तीचं, विमानांच्या मर्लिन इंजिनावरून केलेलं, पेट्रोलवर चालणारं. त्याची झाकणं किती वेळा उघडली असतील त्यांनी.

“चाकाच्या रबराला चमक कशाला दिलीस?” ते म्हणाले.

“घासून चमकेल असं वाटलं, मामा.”

“आरं, रबर कुठं चमकतंय? चमकतात ती ही शिंगं. आन् स्प्रॉकेटचे दात. लोखंडावर लोखंड घासतंय तिथंच. आन् खालचा तळ, जो जमिनीला लागतो.”

मी खिशातून सहा-बी पेन्सिल काढली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच स्प्रॉकेटच्या, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या एकेका दातावर हळूहळू फिरवायला लागले. ग्रॅफाइटची राखाडी चमक काळ्या रंगावर उतरत गेली. हात किंचित थरथरत होता, पण दाताबाहेर रेघ गेली नाही.

धुळीसाठी मी दोन रंगांचे पेस्टल खडू उगाळून नेले होते, एक विटकरी आणि एक फिका. मामांनी विटकरी डबी बंद करून बाजूला सारली. “ही आपल्या डोंगराची माती. तिकडची अशी नसतीय. पांढुरकी, गव्हाच्या पिठावानी. नाकातोंडात जायची.” फिक्या भुकटीत बोट बुडवून त्यांनी ते ट्रॅकच्या वरच्या बाजूला फुंकलं. मी ब्रशने पसरवली, खाली दाट आणि वर विरळ.

मग त्यांची नजर पुढच्या डाव्या मडगार्डवर थांबली. मी ते नीट सरळ बसवलं होतं, ८० जीएसएमचं, कडेची घडी हाडाच्या पट्टीने दाबून अगदी धारदार केलेली. त्या एका भागाचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता.

“हे एवढं सरळ मी कधी बघितलं नाही,” ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. “चालंल?”

मी मान हलवली. त्यांनी अंगठ्याचं नख मडगार्डच्या कोपऱ्याखाली घातलं आणि तो हळूच वर दुमडला. कागदाला पत्र्यासारखाच पोचा पडला.